कण्णूरची दिनेश विडी

ऑक्टोबर 1968 मध्ये उत्तर केरळातल्या कण्णूर भागात विड्यांचे मोठे कारखाने बंद झाले. तंबाखूची टंचाई नव्हती, माल पडूनही नव्हता. मालकांची हरकत एका कायद्याला होती. संसदेने 1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला होता. कामाच्या जागेला परवाना, तासांना मर्यादा, भरपगारी रजा, बाळंतपणाचा लाभ, शिवाय विड्या खराब ठरवून त्यांची मनमानी छाट काढण्यावर बंधन. केरळातल्या ई. एम. एस. नंबूदिरिपाद यांच्या सरकारने तो अमलात आणायला घेतला, तेव्हा मंगळूरच्या गणेश विडीने इथले काम गुंडाळले आणि सुमारे 12,000 माणसे घरी बसली. हा कायदा पाळून धंदा होत नाही, असे मालकांचे म्हणणे होते. ते न्यायालयातही गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण तोवर कण्णूरच्या कामगारांनी कायदा पाळून पाच वर्षे धंदा केलेला होता.

फेब्रुवारी 1969 मध्ये केरळ दिनेश विडी कामगारांची मध्यवर्ती सहकारी संस्था स्थापन झाली. उद्योगमंत्री टी. व्ही. थॉमस यांनी ती उचलून धरली. पहिले अध्यक्ष होते जी. के. पणिक्कर. कामगारांजवळ संस्थेचे शेअर घ्यायलाही पैसे नव्हते, म्हणून सरकारने कर्ज दिले. गावोगावच्या प्राथमिक संस्था विड्या वळणार आणि मध्यवर्ती संस्था तंबाखू-पान खरेदी करून तयार माल एकाच नावाने विकणार, अशी विभागणी ठरली. यातला शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक गावाची संस्था स्वतंत्रपणे बाजारात उतरली असती, तर भाव पाडून त्या एकमेकींच्या मुळावर आल्या असत्या.

विडीला यंत्र लागत नाही. पान भिजवायचे, पत्रा ठेवून कात्रीने कापायचे, सुपातली चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. असे काम घरोघर वाटून देता येते आणि ठेकेदाराला तेच सोयीचे असते. घरात बसलेल्या बाईचे तास कोण मोजणार? पान कमी दिले, चांगल्या विड्या छाटीत टाकून फुकट ठेवून घेतल्या, तर तिने कोणाकडे बघायचे? दिनेशने लोकांना शेडमध्ये एकत्र बसवले. तिथे हजेरी लागते, वजन डोळ्यांसमोर होते आणि संचालकांत बहुसंख्य आपणच निवडून दिलेली माणसे असतात. किमान वेतन, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्ट्या हे सगळे हिशेबात धरलेले.

याच शेडमध्ये वाचनही चाले. कण्णूरच्या विडी कामगारांची ही रीत संस्थेहूनही जुनी. एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाची, पुढे कादंबरी किंवा राजकीय पुस्तक, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या ऐकणारे वळून देत. हात गुंतलेले, कान मोकळे. सर्वसाधारण सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणारा कामगार या वाचनातून तयार झाला, असे मी मानतो. त्याशिवाय ही संस्था पहिल्या काही वर्षांतच पुढाऱ्यांच्या ताब्यात गेली असती.

मग पैसा कुठून आला? मधले ठेकेदार गेले, मालकाचा नफा गेला, खरेदी घाऊक झाली. विडी एकसारखी निघू लागली, गिऱ्हाईक टिकले. उत्तर केरळात कामगार चळवळीचे जाळे दाट होते, त्याचाही खपाला हात लागला. भरभराटीच्या काळात इथे 42,000 लोक काम करत.

अडचण राज्याच्या सीमेपलीकडे होती. कायदा देशभराचा, पण अंमलबजावणी ज्या त्या राज्याच्या मर्जीवर. शेजारी घरोघर कमी मजुरीत वळलेली विडी केरळात येऊन स्वस्तात विकली जाई आणि पूर्ण मजुरी देणाऱ्या संस्थेला तिच्याशी टक्कर द्यावी लागे. एका ठिकाणी नियम काटेकोर आणि बाजूला ढिले असले, की नियम पाळणाऱ्यालाच दंड बसतो. हा दोष सहकाराच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. विडी ओढणाऱ्याचा जीव घेते, आणि वळणाऱ्याच्या छातीत तंबाखूची धूळ जाते. भविष्यनिर्वाह निधी कितीही चोख असला तरी हे बदलत नाही. खप उतरू लागला तेव्हा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून संस्था खाद्यपदार्थ, छत्र्या, तयार कपडे आणि संगणकसेवा या धंद्यांत उतरत गेली. नारळाच्या दुधाचे कण्णूरमध्ये नवल नाही, पण ते डबाबंद करून विकणे हा वेगळाच धंदा. शिवाय उभा जन्म विडी वळलेल्या हाताला पन्नाशीत शिलाई शिकवणे सोपे नसते, आणि विडीला जितके हात लागतात तितके या कामांना लागत नाहीत. सगळ्यांना सामावणे जमले नाही, तरी कामगारांना वाऱ्यावर सोडून शटर ओढण्याची वाट संस्थेने धरली नाही.

आपल्याकडे सोलापुरात हजारो बायका आजही घरी विड्या वळून विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये नेऊन देतात. तिथल्या विडी कामगारांनी कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने लढून सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10,000 घरांची वसाहत उभी केली. तिची घरे 2006 साली ताब्यात मिळाली. घरांसाठी दाखवलेली ती चिकाटी पाहता, तंबाखू उतरणीला लागलेली असताना या बायकांसाठी दुसरा धंदा उभारायची तयारी आत्ताच सुरू व्हायला हवी, आणि त्यात कण्णूरचा छत्र्या-कपड्यांचा अनुभव, त्यातल्या तोट्यासकट, नीट तपासला जावा.