लहान मुलांच्या बापाने वसियत लिहून ठेवावी

वसियतनामा म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे बंगलेवाला शेठ, वकील आणि जाडजूड फाईल येते. चार यंत्रमागांचा मालक, शिलाई कारागीर, किराणा दुकानदार यांना वाटते, आपल्याकडे लिहून ठेवण्यासारखे आहे काय? शिवाय वारसांचे हिस्से कुरआन शरीफने ठरवूनच दिले आहेत. हे दुसरे म्हणणे खरे आहे. पण सात वर्षांच्या मुलाचा हिस्सा किती, हे ठरलेले असणे वेगळे आणि तो जाणता होईपर्यंत तो हिस्सा कोणी सांभाळायचा, हे ठरलेले असणे वेगळे. हे दुसरे काम शरीअतने बापावर सोपवले आहे.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की, बाप गेला की मुलांची आई आपोआप सर्व कारभार पाहील. मुलांचा सांभाळ, म्हणजे हिजानत, आईकडे असते हे बरोबर. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. पण सांभाळ म्हणजे मालमत्तेवरचा अधिकार नव्हे. अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा वली म्हणजे बाप. त्याच्यामागे बापाने नेमलेला वसी. तो नसेल तर आजोबा आणि आजोबांनी नेमलेला वसी. या यादीत आई नाही. चुलताही नाही, मामाही नाही. आईने मुलाच्या हिश्श्याची स्थावर मालमत्ता विकली तर ती विक्री मुलावर बंधनकारक होत नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबंदी खटल्यात दिला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच धोरण कायम ठेवले.

याचा धंद्यावर काय परिणाम होतो ते एका हिशेबाने पाहू. समजा, एक दुकानदार पत्नी, आई, दोन लहान मुलगे व एक मुलगी मागे ठेवून वारला. दुकानाचा गाळा, माल व रोकड मिळून १२ लाख. कफन-दफन, देणी आणि पत्नीचा बाकी महर मिळून २ लाख ४० हजार. राहिले ९ लाख ६० हजार. पत्नीचा आठवा हिस्सा १ लाख २० हजार, आईचा सहावा १ लाख ६० हजार. उरलेल्या ६ लाख ८० हजारांत प्रत्येक मुलाला २ लाख ७२ हजार व मुलीला १ लाख ३६ हजार. म्हणजे गाळ्याचा निम्म्याहून अधिक भाग अशा तिघांच्या मालकीचा, ज्यांची सही चालत नाही. गिऱ्हाईक वकिलाला कागद दाखवतो, वकील मान हलवतो, आणि सौदा तिथेच थांबतो. मग १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. पालक नेमला गेला तरी प्रत्येक स्थावर विक्रीला किंवा गहाणाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. तोवर मालाला कसर लागते आणि देणेकरी दारात येतात.

बापाने एवढे एकच वाक्य लिहिले असते की, "माझ्यामागे माझ्या अज्ञान मुलांच्या मालमत्तेसाठी मी माझ्या पत्नीस वसी नेमतो", तर चित्र बदलले असते. हनफी कायद्यात बाप आईला वसी नेमू शकतो. वसी झाली म्हणजे मनमानी करता येते असे नाही. स्थावर मालमत्ता विकायची तर मरहूमची देणी फेडणे किंवा मुलांचा उदरनिर्वाह यांसारखी शरीअतने मान्य केलेली गरजच दाखवावी लागते. पण कारभार पाहण्याचा अधिकार तिच्या हाती येतो. पत्नीला व्यवहाराची सवय नसेल तर जोडीला एखादा विश्वासू भाऊ किंवा मेहुणा दुसरा वसी नेमावा. मात्र त्याला आधी विचारून घ्यावे.

कोकणातील आपले शाफई बांधव आणि शिया बांधव यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. त्यांच्या मतानुसार मुलांचे आजोबा हयात असतील तर त्यांचा हक्क बापाने नेमलेल्या वसीच्या आधी येतो. तेव्हा आजोबांना सोबत बसवूनच कागद करावा.

आता दुसरी चूक. कित्येक जण प्रेमापोटी लिहितात, "माझे सर्व काही माझ्या पत्नीला." असे चालत नाही. वसियत होते ती फक्त एक तृतीयांशापर्यंत, आणि तीही हनफी मताने वारस नसलेल्यासाठी. वारसाला द्यायचे तर इतर वारसांची संमती मृत्यूनंतर लागते, आणि अज्ञान मुलांची संमती कायद्याने संमतीच नव्हे. पत्नीच्या नावे घर करायचेच असेल तर हयातीत, धडधाकट असताना हिबा करावा आणि ताबा खरोखर द्यावा. शेवटच्या आजारात केलेल्या बक्षिसाला वसियतीचीच एक तृतीयांशाची मर्यादा लागते.

हा एक तृतीयांश कोणासाठी वापरावा? आमच्या मते पहिला हक्क यतीम नातवंडांचा. मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर मरहूम मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. पाकिस्तानने १९६१ साली कायदा करून यात बदल केला. भारतात तो झालेला नाही. पण ही नातवंडे वारस नाहीत म्हणूनच त्यांच्या नावे वसियत करता येते. ज्यांची मुले लहान आहेत आणि वडील हयात आहेत, त्यांनी हा विषय घरात काढायला संकोच करू नये. आजोबांनी वेळेवर लिहिलेल्या चार ओळी सुनेला आणि नातवंडांना घराबाहेर पडण्यापासून वाचवू शकतात.

कारागिरांसाठी वसियतीचा सर्वांत मोलाचा भाग मात्र वाटणीचा नाही, अमानतीचा आहे. मजुरीवर माग चालवणाऱ्याकडे व्यापाऱ्याचे सूत असते, शिंप्याकडे गिऱ्हाइकाचे कापड, दागिने घडवणाऱ्याकडे परक्याचे सोने. हे मरहूमचे नाही, वारसांचेही नाही. कोणाचे किती, हे लिहिलेले नसेल तर एक तर अमानत बुडते, नाही तर विधवेवर खोटा दावा येतो. उधारी कोणाकडून येणे आहे, कोणाचे देणे आहे, महर दिला की बाकी आहे, हेही त्याच कागदाला जोडावे आणि दर ईदला ती यादी नवी करावी.

भाड्याच्या दुकानाबाबत सावध राहावे. कायद्याने संरक्षित भाडेहक्क वसियतीने कोणाला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली म्हटले आहे. भागीदारी असेल तर करारपत्र काढून पाहावे. १९३२ च्या कायद्याप्रमाणे, उलट काही ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. बँकेतल्या नॉमिनीला रक्कम मिळते, पण त्यामुळे इतर वारसांचा हिस्सा बुडत नाही.

आता खर्चाचे. वसियतीला स्टॅम्प लागत नाही. साधा कागद पुरतो. मराठी, उर्दू कोणतीही भाषा चालते. मुस्लिम कायद्यात तोंडी वसियतही ग्राह्य आहे, पण ती शाबीत करताना नाकी नऊ येतात. म्हणून स्वतःच्या हाताने लिहावे, तारीख घालावी, प्रत्येक पानावर सही करावी आणि ज्यांना काही मिळणार नाही अशा दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे किरकोळ फीमध्ये ती होते आणि पुढचा वाद टळतो. मसुदा असा असावा :

"मी, अमुक वल्द अमुक, वय, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझ्यामागे प्रथम कफन-दफनाचा खर्च, नंतर बाकी महर व इतर देणी फेडावीत. माझ्याकडील अमानतींची यादी सोबत आहे. त्या ज्याच्या त्याला द्याव्यात. माझ्या अज्ञान मुलांच्या मालमत्तेसाठी व या वसियतीच्या अंमलासाठी मी माझी पत्नी अमुक हिला वसी नेमतो. ती नसल्यास माझा भाऊ अमुक यास. एक तृतीयांशाच्या आत अमुक रक्कम अमुक यास द्यावी. बाकी मालमत्ता शरीअतप्रमाणे वारसांत वाटावी. यापूर्वीची वसियत रद्द समजावी."

घर, मुले किंवा धंदा यांत बदल झाला की कागद नवा करावा. हयातीत तो केव्हाही बदलता येतो. मूळ प्रत दुकानाच्या गल्ल्यात ठेवू नये, कारण गल्ल्याची किल्ली कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. घरी ठेवावी, एक झेरॉक्स वसीकडे द्यावी आणि कागद कोणत्या पेटीत आहे ते पत्नीला दाखवून ठेवावे.