शर्मिष्ठेची खुर्ची

डिसेंबरची थंडी नागपूरकरांना अंगणातून घरात पिटाळते. पण आकाश पाहावे ते याच दिवसांत. गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही रामटेकजवळ एका नातेवाइकांच्या शेतावर मुक्कामाला होतो. पातेल्यात तुरीच्या शेंगा उकडत होत्या. माझी मुलगी शेकोटीपाशी बसली होती आणि तिची दहा वर्षांची लेक मला विचारत होती, ‘‘आबा, उत्तर दिशा कशी ओळखायची?’’

या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. अशा वेळी मदतीला येते ती शर्मिष्ठा. रात्री आठच्या सुमारास पाच ताऱ्यांचा इंग्रजी ‘एम’ दिसतो, तीच ती. हात लांब करून वीत पसरली की तिच्यात आकाशाचे साधारण २० अंश मावतात. शर्मिष्ठेपासून साधारण दीड वीत खाली ध्रुवतारा आणि त्याखाली आणखी एक वीत गेले की क्षितिज. नागपूर २१ अक्षांशावर असल्याने आपला ध्रुव एवढाच उंच.

पाश्चात्त्य लोक शर्मिष्ठेला कॅसिओपिया म्हणतात. तिच्यातल्या चार ताऱ्यांची नावे शेदार, काफ, रुक्बाह आणि सेगिन. मधल्या ताऱ्याला ‘नावी’ हे नाव मिळाले ते गमतीने. अमेरिकी अंतराळवीर गस ग्रिसम याने आपले मधले नाव ‘इव्हान’ इंग्रजीत उलटे लिहून ते तयार केले. हे पाच तारे शेजारी दिसतात, पण शेजारी नाहीत. काफ सुमारे ५५ प्रकाशवर्षांवर, शेदार २०० हून अधिक, तर मधला तारा पाचशेच्याही पलीकडे. १५७२ च्या नोव्हेंबरात याच भागात एक नवाच तारा झळकला. शुक्राएवढा तेजस्वी! टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाने त्याच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. तो एका ताऱ्याचा स्फोट होता, हे पुढे कळले. तारे कधी बदलत नाहीत, या समजुतीला त्याने तडा दिला.

नातीला अर्थातच गोष्ट हवी होती. मी ग्रीकांची सांगितली. इथिओपियाचा राजा सेफियस, त्याची राणी कॅसिओपिया. सागरकन्यांहून आम्ही सुंदर, अशी फुशारकी तिने मारली. समुद्रदेव पोसायडन खवळला. त्याने राज्यावर पूर आणि एक अक्राळविक्राळ जलचर सोडला. देववाणी झाली, राजकन्या अँड्रोमेडाचा बळी द्या! तिला साखळदंडांनी खडकाला बांधले. सुदैवाने पर्सियस हा वीर आला आणि त्याने तिला सोडवले. राणीला मात्र खुर्चीसकट आकाशात बसवले. ग्रीसमधून हा तारकासमूह मावळत नाही. ध्रुवाभोवती फिरताना राणीला काही काळ उलटे लटकावे लागते. आपल्याकडे ध्रुव खाली असल्यामुळे पूर्ण उलटी होण्याआधीच ती मावळते.

‘‘चूक आईची ना? मग साखळदंड मुलीला का?’’ नात म्हणाली.

मला पटकन उत्तर सुचेना. मी आपल्या गोष्टीकडे वळलो. आपण याच समूहांना महाभारतातली नावे दिली आहेत. सेफियस तो वृषपर्वा, अँड्रोमेडा ती देवयानी, पर्सियस तो ययाती. वस्त्रांची अदलाबदल झाली म्हणून शर्मिष्ठा देवयानीला टाकून बोलली आणि तिला विहिरीत ढकलून निघून गेली. ययातीने हात देऊन देवयानीला वर काढले. शुक्राचार्य रागावून राज्य सोडायला निघाले, तेव्हा आपल्या कुळासाठी राजकन्या शर्मिष्ठा देवयानीची दासी झाली.

‘‘ही बरी आहे,’’ नातीने निकाल दिला. ‘‘जिने चूक केली, तिनेच भरली.’’

शेकोटीपलीकडे माझी मुलगी गप्प होती. मला तिचे दहावीचे वर्ष आठवले. ‘आमची लेक बोर्डात येणार,’ असे मी ऑफिसात, लग्नाकार्यांत, भाजीवाल्यापाशीसुद्धा सांगत सुटलो होतो. निकाल लागला. तिला ८१ टक्के मिळाले, पण गुणवत्ता यादीत नाव नव्हते. चांगल्या गुणांचे पेढे मी वाटलेच नाहीत. पुढे कितीतरी दिवस ती मैत्रिणींकडे गेली नाही. फुशारकी माझी होती. खडकाला बांधली गेली ती.

‘‘तेव्हा माझंच चुकलं होतं,’’ मी म्हणालो. कशाबद्दल, ते सांगावे लागले नाही.

‘‘किती वर्षं झाली बाबा त्याला!’’ ती हसली. पण ‘नाही, तुमचं नाही चुकलं’ असे काही म्हणाली नाही. शेंगांचे ताट तिने माझ्यापुढे सरकवले.

नागपुरात परतल्यावर नातीने हट्ट धरला म्हणून तिला रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात घेऊन गेलो. पण त्यासाठी तिकीटच काढायला हवे असे नाही. शहरातल्या दिव्यांच्या उजेडातही शर्मिष्ठेचे ठळक तारे गच्चीवरून ओळखता येतात. डिसेंबरात एखाद्या रात्री मुलांना घेऊन वर जा. त्यांना गोष्ट सांगा. आणि नंतर ती काय विचारतात, तेही नीट ऐका.