घरच्या क्रीमने चेहऱ्यावर उठणाऱ्या पुटकुळ्या

इंदूरच्या मल्हारगंजात होळकरांच्या राजवटीपासून स्थायिक झालेली मराठी घराणी आजही नांदत आहेत. माळव्याची थंडी तशी सौम्य, पण कोरडी. मार्गशीर्ष-पौषात ओठ फुटू लागले, गाल खरखरीत झाले, की स्वयंपाकघरातील स्निग्ध पदार्थांना चेहऱ्याची वाट सापडते. आजीच्या काळी वाटीभर सायीवर भागत असे. नातीच्या काळी खोबरेलात मधमाश्यांचे मेण वितळवून, त्यात गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर घोटून बरणी भरली जाते. पहिले काही दिवस कांती तुकतुकीत दिसते. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नेमके लग्न तोंडावर आलेले असताना, कपाळावर आणि हनुवटीवर पुटकुळ्यांची रांग उठते. ‘अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, पडू द्यावी,’ असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात आणि लेपाचा थर दुप्पट होतो. मुलीला मात्र चारचौघांत जाणे नकोसे वाटू लागते. दोष आपल्याच चेहऱ्यात आहे अशी तिची समजूत होते. वस्तुतः दोष बहुधा बरणीत असतो, आणि तो कोठे आहे हे पुटकुळीच सांगते. फक्त तिला तीन प्रश्न विचारावे लागतात: ती किती दिवसांनी उठली, ती खाजते काय, आणि ती चेहऱ्याच्या कोणत्या भागावर आहे?

कोणतेही क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे जुळवून आणलेले लग्न होय. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्या नावावर जे थंड मलम सांगितले जाते, त्यातही मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी एवढेच होते. आपल्याकडील शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात तूप घेऊन पाण्याने शंभर वेळा धुऊन केलेले पांढरेशुभ्र लोण्यासारखे मलम, हेही त्याच जातीचे. तेव्हा तक्रार तेलाविषयी आहे, पाण्याविषयी आहे की वर घातलेल्या सुवासाविषयी, हे निवडून काढणे एवढेच काम उरते.

प्रथम तेल. चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ, नाक व हनुवटी येथे तैलग्रंथी दाट असतात. त्यांचा स्राव केसांच्या बारीक रंध्रांतून बाहेर येतो. जड तेलाने रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बोळा बसला की आत स्राव साचतो आणि लहान, न खाजणारे पांढरे दाणे अथवा काळे ठिपके दिसू लागतात. या क्रियेला आठवडे लागतात. म्हणूनच पहिल्या पंधरवड्यात क्रीम निर्दोष वाटते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन आणि मिल्स यांनी 1972 साली प्रसाधनांमुळे होणाऱ्या अशा मुरुमांचे सविस्तर वर्णन केले. त्याआधी 1970 साली केसांना लावायच्या पोमेडमुळे कपाळावर उठणाऱ्या मुरुमांचीही नोंद झाली होती. चापूनचोपून तेल लावून वेणी घालणाऱ्या घरांनी ही दुसरी गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. पुटकुळ्या केसांच्या कडेलाच असतील तर क्रीमपेक्षा डोक्याच्या तेलावर आणि उशीच्या अभ्र्यावर संशय घेणे रास्त.

खोबरेल हे रंध्रे बुजवणाऱ्या तेलांत गणले जाते. सर्वांनाच ते बाधते असे नाही, परंतु मुळात तेलकट असलेल्या त्वचेवर रात्रभर त्याचा थर ठेवणे धोक्याचे. ‘कोकमाच्या मुठेलाने टाचा कशा लोण्यासारख्या होतात, मग चेहऱ्याला का नको?’ हा युक्तिवाद कोकणातून आलेल्या घरांत ऐकू येतो. तळपायाच्या त्वचेत केसांची रंध्रे नसतात आणि तैलग्रंथीही नसतात. टाचेने दिलेले प्रशस्तिपत्र गालाला लागू पडत नाही.

ऋतूचाही विचार हवा. पौषातल्या कोरड्या हवेत जे मलम मानवले, तेच श्रावणातल्या दमट हवेत घामाखाली कोंडून बसते. एकाच आकाराच्या, बारीक आणि खाजणाऱ्या पुटकुळ्या कपाळावर, छातीवर वा पाठीवर एकदम उठल्या, तर ते बहुधा साधे मुरूम नव्हेत. त्वचेवर नेहमीच वास करणारी मालासेझिया नावाची यीस्ट-जातीची बुरशी रंध्रांत माजते. बहुतेक वनस्पतिज तेलांतील मेदाम्ले हे तिचे अन्न. अशा वेळी तेल वाढवणे म्हणजे तिला जेवू घालणेच होय.

आता पाणी. ज्या बरणीत पाण्याचा अंश आहे, तीत जंतू वाढणार. गुलाबपाणी, कोरफड, दूध, मध मिसळलेले दही, सर्वांना हा नियम लागू. वास बदलला नाही, बुरशी दिसली नाही, म्हणून बरणी शुद्ध आहे असे मानता येत नाही. अनेकजणी ई जीवनसत्त्वाची कुपी फोडून घालतात आणि क्रीम टिकेल असे समजतात. त्या कुपीने तेल खवट होणे लांबते. जंतूंना तिचा काहीच अटकाव नाही. परिरक्षक न घातलेले पाणीदार क्रीम थोडेच करावे, शीतकपाटात ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. बरणीत बोट न घालता कोरड्या चमच्याने काढावे. पिवळ्या पुवाचे दुखरे फोड उठले असतील तर जुनी बरणी सरळ फेकून द्यावी. तिच्यातील दोन रुपयांच्या मेणाचा मोह धरू नये.

सुवासाची ओळख सर्वांत सोपी. लावल्यापासून काही मिनिटांत आग झाली, किंवा एक-दोन दिवसांत खाज, लाली व सूज आली, तर रंध्रे बुजलेली नसून त्वचेचा दाह झालेला आहे. लवंगेचे वा संत्र्याचे तेल, ताज्या कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक, लिंबाचा रस हे येथील नेहमीचे अपराधी. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, लिंबू कितीतरी पट अधिक आम्ल, आणि खाण्याचा सोडा उलट बाजूचा. पुटकुळ्या घालवण्यासाठी या दोहोंनी चेहरा घासणे म्हणजे भाजल्यावर मीठ चोळणे. लिंबू लावून उन्हात गेल्यास काळसर डाग पडतात, ते पुटकुळ्यांहून चिवट असतात.

शोध घ्यायचा तो असा. क्रीम पूर्ण थांबवावे. सौम्य साबणाने दिवसातून दोनदाच चेहरा धुवावा. पुटकुळ्या फोडू नयेत. चेहरा शांत व्हायला महिना-दीड महिना लागेल, तोवर नवा लेप नको. नंतर बरणीतील एकेक घटक स्वतंत्रपणे कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावा. तेथे आग झाली नाही तरी रंध्रे बुजतात की नाही हे त्यावरून कळत नाही. म्हणून पुढे तो घटक जबड्याच्या एकाच बाजूस, छोट्या जागेवर, चार आठवडे लावावा आणि दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. लग्नाची तिथी महिन्यावर आली असेल तर हा प्रयोग तिथीनंतर करावा.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. औषधाच्या दुकानातून गोरेपणाची वा खरजेची म्हणून आणलेली ट्यूब घरच्या क्रीमात मिसळण्याची चाल फार पसरली आहे. त्यांतील अनेक ट्यूबांत स्टिरॉइड असते. लाली दोन दिवसांत मावळते, पण पुढे त्वचा पातळ होते, मुरूम दाट होतात आणि ट्यूब सोडताच चेहरा पेटल्यासारखा होतो. केंद्र सरकारने 2018 साली त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो याच अनुभवावरून.

दुखऱ्या गाठी झाल्या, सूज डोळ्यांकडे वा ओठांकडे पसरली, ताप आला किंवा खड्डे पडू लागले, तर घरचा प्रयोग संपवून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात त्वचाविभाग आहे. जाताना ती बरणी, तीत काय काय घातले त्याची यादी आणि क्रीम प्रथम लावल्याची तारीख बरोबर न्यावी.