विश्लेषण : गाडीची चाके कोणत्या ब्रशने धुवावीत? चुकीच्या घासणीने अलॉय व्हील खराब कसे होते?

बॉनेटसाठी मऊ मायक्रोफायबर कापड आणि खास शाम्पू वापरणारे अनेक मोटारमालक चाकांसाठी मात्र स्वयंपाकघरातली जुनी घासणी पुढे करतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर एकाच बादलीत भिजवलेले एकच फडके चाकांवर आणि काचांवर फिरताना दिसते. चाक हा गाडीचा सर्वाधिक मळणारा भाग असला, तरी त्यावरचा मळ साध्या धुळीचा नसतो आणि अलॉय व्हीलवरचा थरही वाटतो तितका टणक नसतो. त्यामुळे ब्रश आणि क्लिनरची निवड चुकली तर चाक स्वच्छ होण्याऐवजी कायमचे खराब होऊ शकते. चाकांसाठी कोणती साधने घ्यावीत, कोणती टाळावीत आणि का, याविषयी…

चाकावरचा काळा थर कशाचा असतो?

ब्रेक दाबल्यावर ब्रेक पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडतात. या घर्षणात पॅड झिजतातच, शिवाय बिडाची डिस्कही थोडी थोडी झिजते. त्यातून लोखंडाचे अतिसूक्ष्म, तापलेले कण, ग्रॅफाइट आणि पॅडमधील राळेसारखा चिकट पदार्थ बाहेर पडतो. हाच ‘ब्रेक डस्ट’. तापलेले कण चाकाच्या पृष्ठभागावर चिकटतात, रुतून बसतात आणि ओलावा मिळाला की गंजतात. पांढऱ्या किंवा चंदेरी अलॉयवर पावसाळ्यानंतर दिसणारे तांबूस ठिपके बहुतेक वेळा चाकाचा गंज नसून या कणांचा गंज असतो.

ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो. त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय अनेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रममध्ये तयार झालेली भुकटी बरीचशी आतच राहते. पुढची चाके मागच्यांपेक्षा काळी दिसण्याचे कारण हेच. इलेक्ट्रिक मोटारींमध्ये वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते, त्यामुळे तिथे ही भुकटी तुलनेने कमी निघते.

अलॉय व्हीलला घासणीचा धोका का?

अलॉय व्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्यावर रंग किंवा पावडर कोटिंग आणि सर्वात वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. धातूचे हवा-पाण्यापासून संरक्षण हा थर करतो. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली जाते आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

तारेची घासणी या थरावर थेट ओरखडे काढते. पण मऊ ब्रशनेही नुकसान होऊ शकते, कारण खरा शत्रू त्यात अडकलेली वाळू असते. वाळूतील क्वार्ट्झची कठीणता मोह मापनात ७ आहे, तर साध्या काचेची साधारण ५.५. म्हणजे जी वाळू काचेवर ओरखडा काढू शकते, तिच्यापुढे रंगाच्या थराचा टिकाव लागत नाही.

सध्या लोकप्रिय असलेल्या दुरंगी ‘डायमंड कट’ अलॉयमध्ये धोका अधिक असतो. त्यात चकाकणारा भाग लेथवर कापलेला उघडा धातू असतो आणि त्यावर केवळ पारदर्शक थर असतो. हा थर फुटला की ओलावा आत शिरतो आणि पृष्ठभागाखाली अळीच्या मागासारख्या पांढरट रेषा पसरू लागतात. मग घासून उपयोग नसतो. चाक पुन्हा लेथवर घ्यावे लागते. प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होत असल्याने हे कितीही वेळा करता येत नाही.

कोणत्या भागासाठी कोणता ब्रश?

एका ब्रशने संपूर्ण चाक नीट धुता येत नाही. चाकाचे साधारण चार भाग पडतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

दर्शनी भाग : इथे मऊ, दाट केसांचा आखूड दांड्याचा ब्रश किंवा मायक्रोफायबरचा हातमोजा वापरावा. केसांची टोके चिरलेली असतील तर ती अधिक मऊ असतात आणि साबणाचे पाणीही जास्त धरून ठेवतात.

रिमची आतली बाजू : दांड्यांच्या फटीतून आत जाणारा लांब, निमुळता ब्रश लागतो. तारेच्या गाभ्यावर केस लावलेला वाकणारा ब्रश अरुंद जागेत जातो, पण त्याची तार उघडी पडली तर ती चाकावर घासते. बाहेर काढताना तो घाण पाण्याचे शिंतोडेही उडवतो. प्लास्टिकच्या दांड्यावर मऊ तंतू किंवा मायक्रोफायबर बसवलेला ब्रश अधिक सुरक्षित ठरतो.

नटांच्या खोबणी : यासाठी लहान, गोल ब्रश पुरेसा असतो.

टायर : रबरासाठी मात्र ताठ नायलॉन ब्रशच लागतो, कारण मऊ ब्रशने कडेचा तपकिरी थर निघत नाही. हा ब्रश अलॉयवर कधीही वापरू नये. दोन्ही ब्रश वेगळ्या रंगांचे घेतले तर घाईत अदलाबदल होत नाही.

खरेदी करताना काय पाहावे?

पहिली बाब मापाची. समजा टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिले आहे. यातील १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. अशा टायरसाठी रिमची रुंदी बहुधा साडेपाच इंच, म्हणजे १४ सेंटिमीटर असते. त्यामुळे आतल्या ब्रशचा केसांचा भाग किमान १५ सेंटिमीटर हवा. जाडी ठरवताना दोन दांड्यांमधली फट आणि ब्रेकचे कॅलिपर व रिम यांच्यातील अंतर बोटाने पाहावे. अनेक गाड्यांत फट मोठी असते, पण कॅलिपरमागे जेमतेम बोटभर जागा उरते.

दुसरी बाब केसांच्या प्रकाराची. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू आम्ल व अल्कली दोन्हींना चांगले टिकतात. नायलॉन झिजेला टिकाऊ असले, तरी तीव्र आम्लाने कमकुवत होते. डुकराच्या केसांचे ब्रश ओले झाल्यावर मऊ होतात आणि बारीक जागांसाठी उपयुक्त ठरतात, पण तीव्र रसायनांत ते लवकर खराब होतात.

तिसरी बाब दांड्याची. ब्रशच्या मानेला धातूची पट्टी किंवा उघडा स्क्रू असेल तर तो टाळावा. बऱ्याचदा ओरखडा केसांमुळे नव्हे, तर या पट्टीमुळे पडतो.

ब्रश मऊ आहे का, हे पाहण्याची घरगुती चाचणी सोपी आहे. जुन्या, नको असलेल्या सीडीची चकाकणारी बाजू ओली करून त्यावर ब्रश हलक्या हाताने फिरवावा. रेषा उमटल्या तर तो ब्रश टायरसाठी ठेवावा.

घरातल्या वस्तू चालतील का?

काही चालतात. जुना मऊ टूथब्रश नटांभोवती उपयोगी पडतो. रंगकामाचा मऊ ब्रशही चालतो, मात्र त्याच्या धातूच्या पट्टीवर आधी टेप गुंडाळावी. कपड्यांचा ताठ ब्रश टायरपुरता वापरता येतो. तारेची घासणी, भांड्यांच्या स्पंजची खरखरीत हिरवी बाजू आणि पॉलिश पेपर मात्र अलॉयवर किंवा प्लास्टिकच्या व्हील कॅपवर वापरू नयेत.

क्लिनरच्या लेबलवर काय वाचावे?

ॲल्युमिनियमवर आम्ल आणि अल्कली दोन्हींचा परिणाम होतो. त्यामुळे सामू म्हणजे पीएच ७ च्या आसपास असलेला क्लिनर सर्वात सुरक्षित. नियमित धुतल्या जाणाऱ्या चाकांना कार शाम्पूही पुरतो. स्वच्छतागृहाच्या क्लिनरमध्ये अनेकदा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर चिकट तेलकटपणा काढणाऱ्या काही क्लिनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. दोन्ही चाकांपासून दूर ठेवावेत.

रुतलेल्या लोखंडी कणांसाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. त्यातील थायोग्लायकोलेट हे रसायन लोखंडाशी संयोग पावले की जांभळा रंग दिसतो. केस कुरळे करण्याच्या द्रावणातही याच गटातील रसायन असते, म्हणून त्याला तसाच उग्र वास येतो. जांभळा रंग म्हणजे चाकाचा रंग निघतो आहे, असे नव्हे. मात्र लेबलवरील वेळेपेक्षा जास्त थांबू नये आणि ते चाकावर वाळू देऊ नये.

काही तीव्र क्लिनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. मळ क्षणात निघतो, पण हे रसायन त्वचेतून आत शिरते. सुरुवातीला वेदना जाणवली नाही, तरी आतील ऊती आणि हाडांपर्यंत इजा होऊ शकते. उघड्या हातांनी रोज अनेक गाड्या धुणाऱ्या कामगारांना याचा सर्वाधिक धोका असतो. लेबलवर ही नावे असतील तर तो क्लिनर घेऊ नये. त्वचेला लागल्यास लगेच भरपूर पाण्याने धुऊन रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी.

धुण्याचा योग्य क्रम कोणता?

चाके थंड असताना आणि सावलीत धुवावीत. लांबून आल्यावर तापलेल्या डिस्कवर एकदम थंड पाणी पडले तर ती वाकू शकते आणि गरम चाकावर क्लिनर लगेच वाळतो. बॉडीच्या आधी चाके धुवावीत, म्हणजे काळे शिंतोडे धुतलेल्या रंगावर उडत नाहीत.

सर्वात आधी नुसत्या पाण्याने वाळू आणि चिखल वाहून जाऊ द्यावा. ही पायरी ब्रशपेक्षाही महत्त्वाची आहे. त्यानंतर एका वेळी एकच चाक घ्यावे. आधी आतली बाजू, मग दर्शनी भाग, नट आणि शेवटी टायर. चाकांसाठी बादली आणि कापड वेगळे ठेवावे. एका बादलीत साबणाचे, दुसरीत ब्रश खळबळण्याचे पाणी ठेवले तर वाळू पुन्हा चाकावर येत नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत नळीऐवजी मगाने पाणी ओतूनही हे काम होते.

प्रेशर वॉशर वापरताना नोझल किमान एक फूट दूर ठेवावे आणि टोकदार झोत टायरच्या कडेवर मारू नये. अलॉयच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची लहान वजने जोरदार झोताने किंवा ब्रश दाबून घासल्याने निघू शकतात. धुतल्यानंतर वेगात स्टिअरिंग थरथरू लागले, तर बॅलन्सिंग तपासून घ्यावे.

धुतल्यानंतर काय तपासावे?

चाक स्वच्छ असताना टायरच्या कडेवरचे फुगवटे, चिरा, रुतलेले खिळे आणि रिमचा बाक चटकन दिसतो. टायरच्या खाचांमधील उंचवटे १.६ मिलिमीटरची मर्यादा दाखवतात. नक्षी त्या पातळीला आली असेल तर टायर बदलावा. समृद्धी महामार्गासारख्या लांब, वेगवान रस्त्यावर निघण्यापूर्वी ही दोन मिनिटे नक्की द्यावीत.

टायर चमकवण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल फासू नये, त्याने रबर खराब होते. टायर पॉलिश फक्त कडेला लावावे. ते रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लागल्यास पकड कमी होते, तर डिस्कवर उडाल्यास ब्रेक घसरतात. शेवटी मोकळ्या जागी गाडी सावकाश चालवून ब्रेक काही वेळा हलके दाबावेत. ओल्या डिस्क कोरड्या होतात आणि रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा थर कमी चढतो.

सर्व साधने एकदम घेण्याची गरज नाही. दर्शनी भागासाठी एक मऊ ब्रश, आतल्या बाजूसाठी एक लांब ब्रश, टायरसाठी एक ताठ ब्रश, वेगळी बादली आणि रबरी हातमोजे एवढ्यावर काम भागते. चाके दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी धुतली तर ब्रेकची भुकटी रुतून बसत नाही आणि तीव्र रसायनांची वेळही सहसा येत नाही.