एकाच घराण्यातली विमाने

अहिल्यानगर जिल्ह्याच्या एका अंगाला पुणे जिल्ह्यातले लोहगाव आणि दुसऱ्या अंगाला नाशिक जिल्ह्यातले ओझर. २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झाले ते लोहगावच्या तळावर. पुढे परवान्याखाली या विमानांची बांधणी झाली ती ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. आपल्या २७२ सुखोईंपैकी बहुतेक तिथलीच. या विमानाशेजारी चीनचे जे-१६ उभे केले, तर सामान्य माणसाला दोन्ही सख्खी भावंडे वाटतील, कारण ती आहेतच. म्हणूनच ‘चिनी विमाने म्हणजे रशियन मालाची नक्कल’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. या बोलण्यातले ऐतिहासिक तथ्य खरे आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष आता जुना झाला आहे. शेजाऱ्याची ताकद मोजायची असेल तर बाह्य आकार बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारायला हवा: या विमानात पुढचा बदल काय करायचा, हे कोण ठरवते?

रणगाड्यांचे शहर असलेल्या अहिल्यानगरला ही वंशावळ ओळखीची वाटेल. सोव्हिएत टी-५४ वरून चीनने टाइप-५९ बनवला. १९७१ मध्ये छांबच्या लढाईत पाकिस्तानचे हे चिनी रणगाडे आणि आपले सोव्हिएत बनावटीचे रणगाडे समोरासमोर आले. सुरुवातीच्या टाइप-५९ मध्ये चालत्या रणगाड्यावर तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणाही नव्हती. नक्कल मुळापेक्षा उणी होती. लढाऊ विमानांचीही सुरुवात तशीच झाली. मिग-२१ बनवण्याचा परवाना चीनला १९६१ मध्ये मिळाला आणि भारताला १९६२ मध्ये. लवकरच मॉस्को आणि बीजिंगचे बिनसले, कागदपत्रे अर्धवट राहिली, आणि हाती होते तेवढ्यावर चिनी अभियंत्यांनी १९६६ मध्ये जे-७ उडवले. ओझरला मात्र सोव्हिएत अभियंते, आराखडे, सुटे भाग सारे मिळत राहिले, आणि तिथून सहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडले. त्या काळी आपले विमान नि:संशय सरस होते. तरीही पुढच्या साठ वर्षांचे बीज या फरकातच आहे. मदत तुटल्यामुळे चीनला प्रत्येक भाग उलगडून समजून घ्यावा लागला आणि चुकत-माकत का होईना, स्वतः बदलावा लागला. जे-७ चे उत्पादन २०१३ पर्यंत चालले, आणि या काळात पंखाचा आकारसुद्धा बदलला.

खरी कलाटणी सुखोई-२७ ने दिली. नव्वदच्या दशकात चीनने शेनयांगच्या कारखान्यात २०० विमाने जोडण्याचा करार केला, सुमारे शंभर जोडली आणि थांबला. नंतर आले ते जे-११बी: सांगाडा सुखोईचा, पण रडार, संगणक, क्षेपणास्त्रे आणि अखेरीस इंजिनही चिनी. रशिया संतापला, आणि तो संताप रास्त होता. युक्रेनकडून मिळालेल्या नौदल सुखोईच्या नमुन्यावरून जे-१५ झाले, दोन आसनी सुखोईवरून जे-१६. आज जे-१६ वर सक्रिय इलेक्ट्रॉनिक पद्धतीचे आधुनिक रडार आहे, तर रशियाच्या सुखोई-३५ वरचे रडार त्याच्या आधीच्या पिढीचे. चीनने २४ सुखोई-३५ विकत घेतली, २०१८ पर्यंत ती ताब्यात आली आणि तिथेच खरेदी संपली. ग्राहक दुसऱ्यांदा दुकानात आला नाही, हा पुरावा कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा बोलका आहे.

यावर पहिला आक्षेप इंजिनाचा, आणि तो वजनदार आहे. जेट इंजिनाच्या गाभ्यातली पाती धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तप्त वायूत फिरतात. एकाच स्फटिकातून ओतलेली, आतून हवा खेळवून थंड ठेवलेली अशी पाती हजारो तास टिकवणे जगात मोजक्यांनाच जमते. आराखडा चोरता येतो. भट्टीतले हे कसब चोरता येत नाही. चीनचे डब्ल्यूएस-१० इंजिन वर्षानुवर्षे रडतखडत चालले, जे-१० आणि सुरुवातीची जे-२० रशियन एएल-३१ वरच उडाली. पाकिस्तानच्या जेएफ-१७ मध्ये अजूनही रशियन इंजिन आहे. पण आता नवी जे-१०, जे-१६ आणि जे-२० चिनी इंजिनावर बांधली जातात. टिकाऊपणात ते अजून उणे असेल; तरी कारखान्याची चावी मॉस्कोच्या हातातून निघाली आहे. दुसरा आक्षेप असा, की ही विमाने चिनी वैमानिकांनी युद्धात आजमावलेली नाहीत. तेही खरे. पण मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात पंजाबातल्या होशियारपूरच्या शेतात चिनी पीएल-१५ क्षेपणास्त्राचे अवशेष सापडले. कोणाची किती विमाने पडली यावर दोन्ही बाजूंचे दावे जुळत नाहीत. मात्र लांब पल्ल्याच्या अशा क्षेपणास्त्राची आणि त्याला दिशा देणाऱ्या रडारची दखल आता हसून टाळता येणार नाही.

राहिला आपला प्रश्न. चीनने करार मोडला, आपण पाळला, आणि पाळला ते योग्यच केले. परवान्याशी प्रामाणिक राहिल्याने आपण मागे पडलो, असे मला वाटत नाही. प्रामाणिक राहूनही बदल करता येतो हे ओझरनेच दाखवले. एमकेआयमध्ये फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणे बसली. अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली नेण्यासाठी नाशिकमध्येच सुखोईचा सांगाडा मजबूत केला गेला आणि २०१७ मध्ये ते हवेतून डागले गेले. ही जोडणी आपली होती. उणीव आहे ती सातत्याची. आपले एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडाले, पण त्याला साजेसे इंजिन कधी मिळाले नाही आणि तो धागा तुटला. मिगची मालिका संपली, तेव्हा त्यातून पुढचे विमान घडवणारा गट उभा राहिला नव्हता. स्वदेशी कावेरी इंजिन तेजस विमानापर्यंत पोहोचले नाही. सुखोईचे इंजिन कोरापूटला बनते, तेही रशियन आराखड्याचे. शेनयांगमध्ये जोडणारे आणि बदलणारे हात एकाच शहरात, एकाच विमानावर पिढ्यानपिढ्या काम करत राहिले. आपल्याकडे जोडणी नाशिकला, आराखडा बेंगळुरूला आणि मूळ निर्णय मॉस्कोला, अशी विभागणी दशकानुदशके चालली.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ ने हवाई दलातून निरोप घेतला. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. आराखडा आपला, बांधणी आपली. पोटातले इंजिन मात्र अमेरिकेहून आलेले.