"मॅडम, चहाचं बघता का?" याला छापील उत्तर

मीटिंगला पाच जण असले, तरी हा प्रश्न त्यातल्या एकट्या बाईलाच विचारला जातो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना, गडचांदूरकडच्या कचेऱ्यांतही हे नवीन नाही. माझ्या मते यावर झकास उपाय आहे लिनोकटचं पोस्टर!

लिनोलियमच्या तुकड्यावर मजकूर उलटा काढायचा, तरच तो सुलट छापला जातो. जिथे पांढरं हवं तिथे कोरायचं. रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. प्रेस लागत नाही, एका ठशावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. वेलांट्या जपून कोरा, चटकन तुटतात. मजकूर तीनच शब्दांचा: "चहा सगळ्यांनी आळीपाळीने".

बायकांच्या हक्कांच्या लढ्याशी आपल्या भागाचं जुनं नातं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा चंद्रपूर जिल्हा) एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं आणि १९८० मध्ये त्याविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. स्त्री चळवळीतली शेकडो पोस्टरं दिल्लीच्या 'झुबान' प्रकाशनाने 'पोस्टर विमेन' प्रकल्पात जपली आहेत. जरूर बघा.

पोस्टर कुठे लावाल? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे, आणि तिच्या स्थापनेचा आदेश ठळक जागी लावणंही. त्याच्या शेजारीच लावा. आदेश दिसत नसेल तर आधी तो मागा. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील, तर लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.