चित्राचे मूळ आणि ऋणनिर्देश

लेखाखाली लेखकाचे नाव असावे, हे आपण सारे मानतो. परंतु महाजालावरून घेतलेले छायाचित्र मात्र पुष्कळदा निनावीच वहीत चिकटविले जाते. यात सौजन्याची उणीव तर आहेच, शिवाय सत्याचीही हानी आहे. ती कशी, हे जवळच्याच उदाहरणावरून पाहू.

सौंसर तालुक्यातील जामसांवली येथील हनुमंताची मूर्ती शयनस्थ आहे. अशी मूर्ती दुर्मीळ खरी, पण एकमेव नव्हे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खुलताबादचा भद्रा मारुतीही पहुडलेला आहे, आणि प्रयागराजला संगमाजवळचा हनुमानही तसाच. ‘निजलेला मारुती’ एवढेच शब्द शोधून मिळालेले पहिले चित्र एखाद्याने जामसांवलीचे म्हणून लावले, तर ते खुलताबादचे असण्याचा संभव आहे. एकदा चुकीचे नाव जडले, की तेच चित्र त्या नावाने शंभर हातांतून फिरते.

मग मूळ कसे शोधावे? गूगल लेन्स किंवा टिनआय या साधनांना शब्दांऐवजी चित्रच द्यावे. ते अन्यत्र कोठे आले आहे, हे ती दाखवितात. टिनआयवर सर्वांत जुनी आढळ प्रथम पाहता येते. ती मूळच असेल असे नाही; पण मुळाकडे जाणारी वाट तेथून सापडते. नंतर त्या पानावर छायाचित्रकाराचे नाव, स्थळ व दिनांक पाहावा. विकिमीडिया कॉमन्सवर ही माहिती परवान्यासह दिलेली असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने आलेल्या चित्रातून कॅमेऱ्याने नोंदविलेली माहिती गळून पडते. तेथे पाठविणाऱ्यालाच विचारावे.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ ने अध्यापनाच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी यांना अशा कृतींची नक्कल करण्याची मुभा दिली आहे. छापील वार्षिकांक मात्र वर्गाबाहेर जातो; तेथे परवाना पाहावा अथवा अनुमती घ्यावी. आपले कर्तृत्व सांगण्याचा कर्त्याचा हक्क तर कलम ५७ ने स्वतंत्रपणे राखला आहे.

म्हणून चित्राखाली विषय, स्थळ, छायाचित्रकार, दिनांक, संकेतस्थळ व परवाना लिहावा. नुसते ‘गूगलवरून साभार’ लिहिणे म्हणजे लेखकाच्या जागी ग्रंथालयाच्या कपाटाचे नाव घालणे होय! मूळ सापडलेच नाही, तर ते चित्र सोडून द्यावे. अनुमती घेऊन स्वतः काढलेले साधे छायाचित्र त्याहून अधिक मोलाचे. कारण त्याच्या खरेपणाची ग्वाही आपण स्वतः देऊ शकतो.